पहिला उबदार-मसालेदार सेंट: निवडायचा कसा, लावायचा किती

सेंटच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक बाटलीचा निकाल दहा सेकंदांत लावतं. कागदी पट्टीवर फवारा, पट्टी नाकाशी, आवडला किंवा नाही आवडला. लिंबू-पुदिन्याच्या ताज्या सेंटना हा न्याय चालून जातो, कारण त्यांचा सगळा माल वरच मांडलेला असतो. दालचिनी, लवंग, व्हॅनिला, राळ अशा उबदार सेंटला तो चालत नाही. इथे पहिला झणका म्हणजे नुसती फोडणी, भाजी शिजायला अजून अर्धा तास आहे. स्वस्त बाटलीत तर ती फोडणी थोडी करपलेलीच असते. तेवढ्यावरून नाक मुरडलं तर चांगला सेंट हातचा जातो, आणि तेवढ्यावर भाळलं तर संध्याकाळी डोकं धरून बसायची वेळ येते. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणून दोन गोष्टींभोवती फिरतात: वास दुसऱ्या तासाला घेऊन मग ठरवायचं, आणि अंगावर मारताना मनात येईल त्याच्या निम्मं मारायचं.

हे कूळ कोणतं

दुकानात किंवा खोक्यावर याला ‘ओरिएंटल’ म्हणतात. नाव युरोपातल्या लोकांनी ठेवलेलं. पूर्वेकडून येणारे मसाले, राळ आणि धूप त्यांनी एका शब्दात बांधले. सुगंधांचं वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये आपल्या यादीतून हा शब्द काढून ‘अंबर’ हा शब्द घेतला, त्यामुळे आता एकाच बाटलीला कुणी ओरिएंटल म्हणतं, कुणी अंबर. मसाला वर असेल तर ‘ओरिएंटल स्पायसी’ किंवा ‘वॉर्म स्पायसी’. चारही शब्दांमागे घर एकच.

नाशिककराला शालिमार म्हटलं की चौक आठवतो. सुगंधाच्या जगात शालिमार म्हणजे गेर्लें या पॅरिसच्या कंपनीचा १९२५ सालचा सेंट, वर बर्गमोट हे लिंबूवर्गीय फळ आणि खाली व्हॅनिला व राळ. या कुळाचा तो मूळपुरुष मानला जातो. १९७७ मध्ये ईव्ह सँ लोराँच्या ‘ओपियम’ने त्यात लवंग आणि मसाला ठासून भरला. ही दोन्ही नावं महाग आहेत, पण या कुळातला एक स्वस्त सदस्य महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दाढीच्या सामानाशेजारी उभा असतो: ओल्ड स्पाइस. १९३८ पासून पुरुषांसाठी विकला जाणारा हा वास जायफळ, दालचिनी, लवंग आणि खाली व्हॅनिला अशाच बांधणीचा आहे. तुमच्या घरात त्याचं आफ्टरशेव्ह असेल तर तुमची ओळखपरेड अर्धी झालेली आहे.

कमी पैशात हाच वास का जमतो

गुलाब, मोगरा, चंदन यांचा चांगला वास स्वस्तात बसवणं कठीण, कारण त्यांच्या खऱ्या तेलाला पर्याय अपुरे पडतात. उबदार सेंटचं तसं नाही. त्याचा पाया ज्या द्रव्यांवर उभा आहे ती सव्वाशे-दीडशे वर्षांपासून कारखान्यात बनतात. वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास देणारं कुमारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, व्हॅनिलाचा प्राण असलेलं व्हॅनिलीन १८७४ मध्ये. लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉल या एकाच द्रव्याचा असतो आणि ते लवंगेच्या पानांच्या तेलातून भरपूर मिळतं. ही तिन्ही द्रव्यं महाग नाहीत, आणि जड असल्यामुळे सावकाश उडतात. म्हणून हजार-दीड हजारांची बाटलीसुद्धा संध्याकाळपर्यंत टिकते.

मग पैसे कुठे वाचवलेले असतात? दोन ठिकाणी. एक, पहिली दहा मिनिटं: वरचे फळांचे, लिंबाचे वास हलक्या प्रतीचे असले की अल्कोहोलचा डंख उघडा पडतो आणि दवाखान्यात शिरल्यासारखं वाटतं. दोन, अगदी शेवट: महाग सेंटमध्ये गोडव्याखाली लाकूड, चामडं, धूर असे थर उरतात, स्वस्तात कित्येकदा नुसती आइस्क्रीमची व्हॅनिला उरते. मधला काळ, म्हणजे अर्धा तास ते चार तास, या पट्ट्यात स्वस्त आणि महाग बाटल्या आश्चर्य वाटावं इतक्या जवळ येतात. आणि माणसं आपल्याला भेटतात ती बहुतेक याच वेळात.

पहिली पायरी: नाक तयार करा, खर्च शून्य

दुकानात जाण्याआधी मसाल्याचा डबा काढा. झाकणाच्या सहा-सात छोट्या बरण्या किंवा वाट्या घ्या. एकीत चार लवंगा किंचित ठेचून, दुसरीत इंचभर दालचिनी मोडून, तिसरीत तीन वेलदोडे फोडून, चौथीत पाव जायफळ किसून, पाचवीत सहा मिरे भरडून, सहावीत चिमूटभर दगडफूल. सातवीत पूजेच्या सामानातला हरभऱ्याएवढा ऊद. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग एकेक उघडून तीन सेकंद हुंगा, झाका, कागदावर दोन-तीन शब्द लिहा. ‘छान’ लिहू नका. ‘दातांच्या डॉक्टरकडचा’, ‘श्रीखंड’, ‘ओली लाकडी फळी’ असलं काहीही चालेल. दोन वासांमध्ये मिनिटभर थांबा.

यातून तीन गोष्टी कळतात. लवंग आणि दालचिनी एरवी एकाच दमात उच्चारली जातात, पण लवंग गार आणि बधिर करणारी आहे, दालचिनी गरम आणि गोड. एखादा मसालेदार सेंट अंगावर चढतो आणि दुसरा घशात जातो, त्याचं उत्तर बहुतेकदा या दोघींच्या प्रमाणात असतं. बाजारातली दालचिनीही दोन प्रकारची: जाड सालीची झणझणीत, पातळ सुरळीची हळवी. दोन्ही मिळाल्या तर शेजारी ठेवून बघा.

दुसरं, दगडफूल. काळ्या मसाल्यात ते का घालतात हे नुसतं हुंगून कळत नाही, पण न घातलं तर मसाला पोकळ लागतो. दगडफूल वनस्पती नसून लायकेन आहे, आणि परफ्यूममध्ये शतकभर वापरलं गेलेलं ‘ओकमॉस’ हेही लायकेनच. जमिनीचा, सावलीचा, ओलसर वास. ज्या सेंटमध्ये गोडव्याखाली असं काहीतरी मातकट असतं तो चार तासांनीही कंटाळा आणत नाही.

तिसरं, ऊद. आधी थंड खडा हुंगा, मग निखाऱ्यावर किंवा तापलेल्या तव्यावर टाकून. थंड खड्यात व्हॅनिलाची छटा सापडेल, जळताना धूर पुढे येतो. बाटलीत असतो तो बहुतेक थंड खड्याचा वास. पंचवटीत देवळांभोवतीच्या पूजासाहित्याच्या दुकानांत ऊद, लोबान, गुग्गुळ सुटे मिळतात. बाळंतिणीला देतात तो हिराबोळ मिळाला तर तोही थोडा घ्या. इंग्रजी खोक्यावर ‘मर’ लिहिलेलं असतं ते हेच. कडू, औषधी, थोडं रबरासारखं. पहिल्या भेटीत क्वचितच आवडतं.

एक सावधगिरी इथेच सांगितलेली बरी. लवंग किंवा दालचिनीचं तेल सेंट म्हणून थेट अंगाला लावू नका. दालचिनीच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे तयार सेंटमधल्या थेंबभर दालचिनीनेही खाज सुटते.

दुसरी पायरी: खोक्यावरचे शब्द लावून घ्या

सर्वांत जास्त घोळ ‘ऊद’ या शब्दाने होतो. आपल्याकडे ऊद म्हणजे वरचा धुपाचा खडा, ज्यावरून उदबत्ती हा शब्द आला. आखाती देशांतून आलेल्या बाटलीवर ‘ऊद’ लिहिलेलं असतं तेव्हा तो असतो अगरू, म्हणजे बुरशी लागून काळवंडलेलं, राळेने भरलेलं लाकूड. दोन्ही पदार्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खरा अगरू अतिशय महाग, त्यामुळे दोन हजारांच्या बाटलीत तो नसतोच. त्याचा भास निर्माण केलेला असतो, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे नागरमोथ्याचं तेल. होय, दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा. ‘ऊद’वाला सेंट हुंगल्यावर अभ्यंगस्नान आठवलं तर नाक चुकलेलं नाही.

‘अंबर’चंही तसंच. बाटलीवरचा अंबर हा एक पदार्थ नाही. व्हॅनिला, ऊद आणि भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची लॅब्डेनम नावाची चिकट राळ यांचं ते मिश्रण असतं. व्हेल माशाच्या पोटातून येणारं अंबर वेगळं, आणि ते बाळगणं-विकणं आपल्याकडे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कस्तुरीमृगाच्या कस्तुरीलाही तेच लागू. ‘असली अंबर’, ‘असली कस्तुरी’ म्हणून कुणी पुडी पुढे केली तर ती एकतर खोटी आहे किंवा तुम्हाला पोलिसांत नेणारी आहे.

‘टोंका’ दिसलं तर कुमारिनचा गोडवा समजा: बदाम, वाळलं गवत, थोडा तंबाखू. ‘बेंझोइन’ म्हणजे आपला ऊद. ‘पॅचौली’ म्हणजे गजऱ्यात हिरवी पानं गुंफतात त्या पाचेच्या जातीतलं, मातकट. ‘सॅफ्रन’ म्हणजे केशर, पण सेंटमध्ये ते दुधातल्या केशरापेक्षा चामड्याच्या जवळ जातं. ‘प्रालीन’, ‘कॅरमेल’, ‘डेट्स’ हे शब्द ओळीने आले की सेंट मिठाईकडे झुकणारा आहे असं समजा. थंडीत सुरेख, एप्रिलमध्ये जड.

आता तीव्रता. डिओ आणि बॉडी स्प्रेमध्ये सुगंधी द्रव्य अगदी थोडं, ओ द कोलोन साधारण २ ते ५ टक्के, ओ द टॉयलेट ५ ते १५, ओ द परफ्यूम १५ ते २०, आणि एक्स्ट्रे किंवा पार्फम त्याहून वर. उबदार सेंट पहिल्यांदा घेताना ओ द परफ्यूम घ्या. डिओच्या डब्यात या कुळाची तळाची गंमत मावत नाही. गोड झणका येतो आणि अर्ध्या तासात जातो. पण टक्केवारी म्हणजे दर्जा नव्हे. तीस टक्के फसलेलं मिश्रण दहा टक्के जमलेल्यापेक्षा जास्त वेळ त्रास देतं, एवढंच.

तिसरी पायरी: दुकानात

नाशकात तीन तऱ्हेच्या जागा आहेत. कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि सिटी सेंटर मॉलकडे टेस्टर बाटल्या उघड्या मांडलेली दुकानं. मेन रोड-शालिमारच्या बाजूला जनरल स्टोअर्स, जिथे माल बराच असतो पण खोकं फोडून दाखवत नाहीत. आणि जुन्या नाशकात भद्रकाली, दूध बाजाराच्या अंगाने अत्तर. रमजानच्या दिवसांत तिथे अत्तराची रेलचेल असते. नवख्याने सुरुवात पहिल्या जागी करावी, खरेदी कुठेही.

वेळ संध्याकाळची ठेवा, पोट भरलेलं पण मिसळ नुकतीच खाल्लेली नको. तिखट आणि कांदा नाकात बसलेला असताना लवंग कळत नाही. त्या दिवशी अंगाला सेंट, पावडर, वासाचं तेल काही लावू नका. दुकानात पट्ट्यांवर पाच-सहा वास घेतले तरी चालतील, पण फवारा मारल्यावर अर्धा मिनिट पट्टी हवेत हलवा, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. पट्टीवर नाव लिहा. पाच मिनिटांनी पट्ट्यांना ओळखणं देवालाही जमणार नाही. मधे नाक थकलं की कॉफीच्या बिया पुढे करतात. त्यांचा साध्या हवेपेक्षा वेगळा उपयोग होत नाही. दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहा किंवा आपल्याच शर्टाची बाही हुंगा.

पट्ट्यांतून दोन निवडा. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. प्रत्येकी एकच फवारा, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, नाहीतर दोन्हींची खिचडी होईल. आता दुकानातून बाहेर पडा. विक्रेता म्हणेल, ‘साहेब, शेवटचा पीस आहे.’ असू द्या. मेन रोडला असाल तर रविवार कारंज्यावरून खाली गंगेवर, म्हणजे गोदाकाठी उतरा, मोकळ्या हवेत फिरा, कामं उरका. दहा मिनिटांनी एकदा हुंगा, चाळीस मिनिटांनी एकदा, दीड तासाने एकदा. मधल्या वेळात हात नाकाशी नेऊ नका, नाक त्या वासाला सरावून त्याला गाळून टाकतं.

दीड तासाने स्वतःला विचारायचे प्रश्न असे. गोडवा चिकट वाटतोय का, गुलाबजामच्या पाकात बोटं बुडाल्यासारखा? मसाला अजून ओळखू येतोय की नुसती व्हॅनिला राहिली? प्लास्टिक, रबर किंवा जळक्या वायरसारखं काही खाली जाणवतंय? आणि सर्वांत कामाचा प्रश्न: एका अनोळखी माणसाकडून हा वास आला तर तुम्ही त्याच्या जवळ सरकाल की खिडकी उघडाल? सोबत कुणी असेल तर हातभर अंतरावर उभं करून त्यांनाच विचारा.

कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक-दोन दिवस वाट बघणं हीसुद्धा याच पायरीची गोष्ट आहे. या कुळात ॲलर्जी आणणारी द्रव्यं इतर कुळांपेक्षा जास्त: सिनॅमल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, कुमारिन, बेंझिल बेंझोएट. परदेशी खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत ही नावं सापडतात. सोन्याऐवजी नकली दागिन्याने ज्यांना पुरळ येतं, ज्यांना दमा किंवा अर्धशिशी आहे, त्यांनी ही पायरी गाळू नये.

अत्तराची वाट

अल्कोहोल नको असेल तर अत्तर. ‘शमामा’ आणि ‘हिना’ मागा. कनौजला मसाले, मुळं, औषधी वनस्पती देगीत उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवत बनवायची ही जुनी रीत, आणि उबदार-मसालेदार वासाचं आपलं देशी उत्तर तेच. खरा शमामा स्वस्त नाही. शे-दोनशे रुपयांत मिळतो तो चंदनतेलाऐवजी वास नसलेल्या पातळ द्रवात कालवलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण ‘शुद्ध चंदनातला’ हे ऐकून जास्त पैसे मोजू नका.

अत्तर तोळ्यावर विकतात: पाव तोळा म्हणजे ३ मिली, अर्धा म्हणजे ६, एक तोळा म्हणजे साधारण १२ मिली. पहिल्यांदा ३ मिली पुरे. काचेच्या काडीचा एक स्पर्श मनगटावर, एक मानेमागे. अत्तर फवाऱ्यासारखं पसरत नाही, अंगाजवळ राहतं. देवळात, लग्नाच्या पंगतीत, गच्च भरलेल्या सिटीलिंक बसमध्ये हा त्याचा मोठा गुण आहे. एकाच दुकानातल्या दोन खेपांचा वास वेगळा लागू शकतो, तेव्हा आवडलेल्या कुपीतूनच भरून घ्या.

चौथी पायरी: किती मिली, किती रुपये, खरं की खोटं

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली सेंट निघतो. म्हणजे १०० मिलीत हजार फवारे. बाराशे रुपयांची बाटली असेल तर फवारा एक रुपया वीस पैसे. आता नाशिकची थंडी धरा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२० दिवस, रोज तीन फवारे: ३६० फवारे, ३६ मिली. शंभराची बाटली जवळजवळ तीन हिवाळे पुरेल. दर मिलीमागे मोठी बाटली स्वस्त पडते हे खरं, तरी पहिली खरेदी ३० किंवा ५० मिलीचीच करा. तीन वर्षं एकच वास वापरण्याइतकं कुणाचंच नाक एकनिष्ठ नसतं. दोघा-तिघांनी मिळून एक बाटली घेऊन पाच-पाच मिलीच्या छोट्या स्प्रे-बाटल्यांत वाटून घेणं हा त्याहून बरा मार्ग.

दुबईकडच्या कंपन्यांनी या कुळात गेल्या काही वर्षांत धुमाकूळ घातला आहे. लताफाचा २०२२ मधला ‘खमरा’ दालचिनी, खजूर, प्रालीन आणि व्हॅनिला यांच्या जोरावर इतका गाजला की नवख्यांना तोच आधी दाखवतात. चांगला आहे, पण गोड आहे. दोन फवाऱ्यांच्या पुढे गेलात तर शेजारच्या टेबलाला मिठाईचं दुकान उघडल्यासारखं होतं. कोरडा मसाला हवा असेल तर ज्याच्या यादीत प्रालीन-कॅरमेल नाही आणि मिरी, जायफळ, चंदन किंवा पॅचौली आहे असं काही बघा.

गाजलेल्या नावांच्या नकलाही तितक्याच. यात दोन जाती आहेत, त्या वेगळ्या समजून घ्या. आपल्या स्वतःच्या नावाने दुसऱ्याच्या वासाशी मिळताजुळता सेंट विकणं हा उघड धंदा आहे. दुसऱ्याचंच नाव छापून विकणं ही बनावट, भले तिला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणोत. ओळखायचं कसं: खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीच्या बुडावरचा क्रमांक जुळला पाहिजे. देशी मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बनवल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख हवी. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. झाकण डुगडुगणारं नको. फवारा धुक्यासारखा बारीक पडावा. पिचकारीसारखी धार आली तर ठेवून द्या. आणि किंमत छापील दराच्या चौथाईवर आली असेल तर वर सांगितलेलं काहीच तपासायची गरज नाही.

पाचवी पायरी: लावणं

नाशिकच्या हवेसाठी हे प्रमाण बसतं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत, तीन फवारे: एक छातीवर शर्टाच्या आत, एक मानेमागे, एक कोपराच्या आत. ऑफिसात बंद एसी केबिन असेल तर मानेमागचा गाळा. पावसाळ्यात एक किंवा दोन. दमट हवेत वास जड होतो, आणि न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासावर व्हॅनिला चढली की जे तयार होतं त्याला नाव नाही. एप्रिल-मे मध्ये दिवसा नकोच. संध्याकाळी आंघोळीनंतर एक फवारा, तोही कोरड्या अंगावर. घामावर मसालेदार सेंट मारणं ही या कुळातली सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय आहे. घाम त्याने झाकला जात नाही, घामाला फोडणी बसते.

बाटली पंधरा-वीस सेंटिमीटर लांब धरा. घरातून निघायच्या वीस मिनिटं आधी लावा, म्हणजे पहिला डंख घरातच उडून जातो आणि लिफ्टमध्ये लोकांना मधला, चांगला भाग मिळतो. थंडीत त्वचा फुटलेली असते आणि कोरड्या त्वचेवर सेंट लवकर विरतो. आधी मुगाच्या दाण्याएवढं बिनवासाचं व्हॅसलीन चोळा, वर फवारा. खोबरेल लावू नका, त्याचा स्वतःचा वास मधे बोलतो. केसात मोगऱ्याचा गजरा असेल तर एक फवारा पुरे, मोगरा आणि मसाला यांचं जमतं पण दोघंही मोठ्या आवाजाचे.

अर्ध्या तासाने तुम्हाला स्वतःला वास येईनासा होईल. इथेच नवखे घसरतात, सेंट उडाला असं समजून पुन्हा मारतात. सेंट गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. दुसऱ्याला विचारा किंवा दहा मिनिटं बाहेर जाऊन परत या. जास्त झालाच तर पाण्याने धुऊन भागत नाही, ही द्रव्यं तेलकट असतात. कापसावर थोडं सॅनिटायझर घेऊन पुसा, मग साबण.

दिव्याजवळ, गॅसजवळ, दिवाळीत फुलबाजी हातात असताना फवारा नको. बाटलीत मुख्यतः अल्कोहोल आहे.

कपडे, पैठणी आणि बाटली

सुती आणि लोकरी कपड्यावर हा वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, म्हणून स्वेटर किंवा शालीच्या आतल्या बाजूला अर्धा फवारा ही चांगली युक्ती. पांढऱ्या कपड्यावर मात्र नाही. व्हॅनिलीन हवेने तपकिरी होतं आणि कॉलरवर चहाचा डाग पडल्यासारखं दिसतं. आणि येवल्याची पैठणी नेसली असेल तर सेंट साडी नेसण्याआधी अंगाला लावून, वाळू देऊन मगच नेसा. रेशमावर तेलकट ठिपका बसला की सहज निघत नाही, आणि जरीवर फवारा गेला तर ती काळवंडू शकते. डाग पडलाच तर घरी घासू नका, पाणीही लावू नका, ड्रायक्लीनिंगवाल्याला ‘सेंटचा डाग’ असं सांगून द्या.

बाटली खोक्यातच, कपाटात ठेवा. बाथरूमची वाफ, खिडकीचं ऊन आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, या तिन्ही जागा तिला मारतात. द्रव हळूहळू गडद होत जाईल, सोनेरीचा तांबूस, मग चहासारखा. व्हॅनिला असलेल्या सेंटमध्ये हे व्हायचंच, त्याने वास बिघडला असं होत नाही. पहिल्या क्षणी आंबट किंवा नेलपॉलिशसारखा वास यायला लागला तर वरचे लिंबूवर्गीय वास गेलेत. पंधरा मिनिटांनी पुन्हा हुंगून बघा, तळ शाबूत असेल तर स्वेटरवर वापरून संपवा. तळही आंबला असेल तर अंगाला लावू नका.

नवी बाटली उघडून महिनाभर तशीच ठेवली की ‘मुरते’ असं सांगणारे भेटतील. मुरवण्याचं काम कारखान्यात भरण्याआधी व्हायचं असतं. घरी फरक पडला तर थोडाच पडतो, आणि तेवढ्यात तुमचं नाकही त्या वासाला सरावलेलं असतं. पहिले चार-पाच फवारे नळीतल्या हवेमुळे कमी पडतात, ते मात्र बेसिनमध्ये मारून टाका.